एकशे त्रेचाळीस कवळ्या

पडद्यावरचा जबडा घास चावत होता आणि दर चौथ्या घासाला अडकत होता.

डॉ. ऋजुता मगदूमनं गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. खालचा जबडा उघडला, जरासा डावीकडे सरकला, वर आला, दाढा एकमेकींवर घासल्या आणि उजव्या कानासमोरच्या सांध्यात लाल ठिपका पेटला. तिथं हाडावर हाड घासत होतं. संगणकातल्या जबड्याला दुखत नव्हतं. पण येत्या गुरुवारी हाच जबडा टायटॅनियममध्ये छापून दस्तगीर मुजावर यांच्या चेहऱ्यात बसवायचा होता, आणि त्यांना दुखणार होतं.

"सरासरी जबडा घालून बघितलास?" मागून डॉ. शिराळकरांनी विचारलं. शस्त्रक्रिया तेच करणार होते.

"हा तोच आहे, सर. अकरा हजार माणसांची सरासरी."

"मग?"

"अकरा हजार माणसांना चालेल. चाचांना नाही चालत."

दस्तगीरचाचा मिरजेच्या या दंतरुग्णालयात चव्वेचाळीस वर्षं कवळ्या बनवत होते. मेणात दात बसवायचे, मेणाची हिरडी कोरायची, मग पक्की कवळी घडवायची, सगळं हातानं. बारा दिवसांपूर्वी बाजाराच्या वळणावर त्यांची दुचाकी घसरली आणि तोंड रस्त्याकडेच्या दगडावर आपटलं. खालच्या जबड्याचा डावा अर्धा भाग चुरला, तो शिराळकरांना काढूनच टाकावा लागला. चाचांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता, स्वतः बनवलेली कवळीच होती. ती रस्त्यावर पडली आणि मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॉलीखाली तिचं पीठ झालं. तेव्हापासून चाचा नळीतून पेज घेत होते आणि पाटीवर लिहून बोलत होते.

ऋजुताचं काम होतं हनुप्रतिरूप, म्हणजे माणसाच्या जबड्याची संगणकातली चालती प्रतिकृती. ती मूळची भौतिकशास्त्राची. दातांच्या डॉक्टरांना समजावताना ती नेहमी एकच उदाहरण द्यायची. एखाद्याच्या हनुवटीला बारीक दिवा लावा आणि त्याला समोर बसवून जेवायला सांगा. दिवा हवेत एक वेडावाकडा थेंब काढतो. दर घासाला तोच थेंब, थोड्याफार फरकानं. त्याला ती चर्वणपथ म्हणायची. माणसाच्या अक्षरासारखा तो ज्याचा त्याचा असतो. आणि त्यातली गंमत अशी की चाल दातांना घासून घडवते आणि दात चालीला वळण लावतात. वर्षानुवर्षं दोघं एकमेकांना शिकवत राहतात, सांधासुद्धा त्यांच्यामागून आकार बदलत जातो. म्हणून नवा जबडा छापायचा तर त्या माणसाचा चर्वणपथ आधी हवा. तो असला की सांध्याचा उतार आणि दाढांची उंची गणितानं निघते. नसला तर अंदाजपंचे.

"अंदाजानं बसवला तर?" ऋजुतानं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"तर दस्तगीर जन्मभर पेजच पिईल. बोलणंही धड समजणार नाही. आणि काढून दुसरा बसवता येणार नाही. स्क्रूसाठी जे हाड उरलंय ते एकदाच भोकं सोसेल." शिराळकरांनी खुर्ची ओढली. "पुढंही ढकलता येत नाही. जखम आकसत चाललीय. ऋजुता, इथं काम करणाऱ्या प्रत्येकाची नोंद तू घेतली होतीस ना? मशीन आलं तेव्हा?"

"प्रत्येकाची नाही," ऋजुता म्हणाली.

तीन वर्षांपूर्वी यंत्र आलं तेव्हा तिनं सगळ्यांना रांगेत बसवलं होतं. मागपट्टी नावाचा हलका पट्टा डोक्याला, चिमुकला दिवा हनुवटीला, आठ मिनिटं खायचं आणि बोलायचं. चाचाही आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस विंचरून. तिनंच त्यांना अडवलं होतं.

"चाचा, तुम्हाला कवळी आहे ना? मग तुमची नोंद नाही घेता यायची. आम्हाला नैसर्गिक चाल हवीय."

"असं होय? बरं बरं," चाचा म्हणाले होते. "आमची हातानं बनवलेली हाय." आणि हसत परत मेणापाशी गेले होते.

कवळीवाल्यांना वगळायचा नियम तिनं स्वतःच लिहिला होता. तेव्हा तो फार शास्त्रीय वाटला होता.

*

शुक्रवारी दुपारी ती चाचांच्या टेबलापाशी जाऊन बसली. काही सुचत नव्हतं म्हणून गेली, एवढंच. टेबलावर मेणाच्या पट्ट्या, कोरण्या, स्पिरिटचा दिवा आणि बिजागरी. बिजागरी म्हणजे पितळेचा साधा सांगाडा. रुग्णाच्या वरच्या आणि खालच्या हिरडीचे प्लॅस्टरचे साचे त्यात अडकवतात आणि त्यांच्यामध्ये दात रचतात. ऋजुतानं ती उचलून उघडमीट केली. टक. टक. टक.

ती एकदम थांबली. पुन्हा उघडली, मिटली, आणि आडवी हलवून बघितली. हलली नाही.

दहा मिनिटांनी ती शिराळकरांच्या खोलीत होती, हातात बिजागरी.

"सर, ही फक्त उघडते आणि मिटते."

"दाराची बिजागरी आणखी काय करणार?"

"पण जबडा आडवाही जातो! दाढेचा उतार आडव्या चालीवर ठरतो. ह्या सांगाड्यात ती चालच नाही. मग चाचांच्या कवळ्यांना उतार आला कुठून? आणि बरोबर कसा आला? त्यांच्या कवळ्या लोक वीस-वीस वर्षं वापरतात."

"अनुभव," शिराळकर म्हणाले.

"अनुभव म्हणजे काय पण? मी त्यांना काचेतून कितीदा बघितलंय. मेणात दाढ बसवताना त्यांची हनुवटी हलायची. आठवतंय तुम्हाला? तोंडात काही नसताना चावायचे."

"आठवतंय तर. आम्ही त्याला रवंथ म्हणायचो. तोंडावर म्हणायचो." शिराळकर हसले आणि हसता हसता सावध झाले. "तुझं म्हणणं, जी चाल बिजागरीत नव्हती ती त्यानं पदरची घातली."

"प्रत्येक कवळीत. मनातल्या मनात चालवून बघायचे आणि तसा उतार द्यायचे. म्हणजे त्यांचा चर्वणपथ लोकांच्या तोंडात लिहिलेला आहे, सर."

"होता. पुढं त्या माणसानं दहा वर्षं त्यावर भाकऱ्या चावल्यात. त्याची स्वतःची झीज वर चढलीय."

"हो, पण झिजवणारे वेगवेगळे आहेत आणि बनवणारा एकच. एक कवळी घेतली तर काहीच कळणार नाही. शंभर घेतल्या तर? कुणी डावीकडं झिजवलंय, कुणी उजवीकडं, ते एकमेकांत जिरून जाईल. सगळ्यांत सारखं जे उरेल ते चाचांचं."

शिराळकरांनी तिच्या हातातली बिजागरी घेऊन एकदा वाजवली. "शंभर म्हाताऱ्यांना तू सांगणार, दात काढून द्या?"

"तासाभरासाठी."

*

शनिवारी सकाळी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसायला जागा नव्हती. ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर निरोप गेला होता, बागेतल्या हास्यक्लबात गेला होता, आणि दस्तगीरच्या जबड्यासाठी म्हटल्यावर जयसिंगपूर, कुपवाडहूनही माणसं आली होती. गाल आत गेलेली ती सगळी मंडळी हातात टोकन धरून बसली होती आणि एकमेकांचं बोलणं न कळल्यानं मोठ्यानं ओरडत होती. आत स्टीलच्या वाट्यांत स्कॅनसाठी ठेवलेल्या कवळ्या, प्रत्येक वाटीला नावाची चिठ्ठी.

आवटीअण्णा नावाचे एक निवृत्त हेडमास्तर दर पाच मिनिटांनी दारात येत. त्यांचं म्हणणं हातवाऱ्यांवरून समजून घ्यावं लागे.

"अदलाबदल नाही ना होणार?" ऋजुतानं अखेर त्यांच्याऐवजी विचारलं.

अण्णांनी जोरात मान हलवली.

"नाही होणार, अण्णा. चिठ्ठी आहे. झालीच तरी दुसऱ्याची तुमच्या हिरडीवर बसायची नाही."

कवळी परत मिळाल्यावर अण्णांनी ती तिथंच बसवली, दोनदा चावून बघितलं आणि स्पष्ट उच्चारात म्हणाले, "त्याचं नाही हो. साडेबाराला बारशाचं जेवण आहे. दस्तगीरला म्हणावं, अण्णांनी विचारलंय. सतरा वर्षं झाली, अजून सुपारी फुटते."

संध्याकाळी मोजल्या तेव्हा एकशे त्रेचाळीस भरल्या.

रविवारभर संगणक कवळ्यांचे उतार एकावर एक रचत होता. वीस कवळ्यांपर्यंत पडद्यावर नुसता धुरळा होता. साठच्या आसपास धुरळ्यात एक रेघ दिसायला लागली. शंभरीनंतर ती इतकी ठसठशीत झाली की ऋजुता खुर्चीवरून उठून उभी राहिली. घास डावीकडून येत होता, दाढांवर टेकत होता, आणि मिटण्याच्या ऐन आधी क्षणभर थांबून एक बारीकसा हिसका देत होता. सुपारी फोडल्यासारखा. एकशे त्रेचाळीस तोंडांत, एकच हिसका.

सोमवारी तिनं ही चाल चाचांच्या उरलेल्या उजव्या सांध्यावर चालवली. सांधा अपघातातून शाबूत राहिला होता, त्याचं स्कॅन होतं. लाल ठिपका पेटला नाही. शंभर घास झाले, हजार घास झाले, कुलुपात किल्ली फिरावी तसा जबडा फिरत राहिला.

"त्याचाच आहे," शिराळकर म्हणाले. "छापायला दे."

"अजून नाही देता येत. हे बघा." ऋजुतानं पडद्यावरच्या थेंबाकडे बोट केलं. थेंबाचा खालचा भाग कोरा होता. "कवळीला फक्त दात टेकल्यावरचं कळतं. तोंड उघडून घास घेताना, मिटत येताना जबडा कुठून जातो, ते दातांवर कुठं लिहिलेलं नसतं. अर्धा पथ मिळालाय. उरलेला सरासरीनं भरला की ठिपका परत पेटतो."

"मग?"

"चाचांना दाखवते. हे बघून काही आठवलं तर हातानं रेघ काढतील."

*

वॉर्डात चाचा उशीला टेकून बसले होते. शेजारी स्टुलावर त्यांच्या पत्नी शमशादचाची. त्या डबा घेऊन आल्या होत्या. नवऱ्याला नळीतून पेज देऊन झाली होती आणि आता त्या स्वतः जेवत होत्या, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"ये बाई. जेवलीस का?"

"झालंय माझं, चाची. चाचा, तुम्हाला एक गंमत दाखवायचीय."

ऋजुतानं टॅब त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर नुसत्या हाडांचा जबडा, घास चावणारा. डावीकडून आला, टेकला, थांबला, हिसका.

"ओळखलं? तुमची चाल आहे. एकशे त्रेचाळीस कवळ्यांतून काढली."

चाचांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं, कारागीर दुसऱ्याचं काम बघतो तसं. मग मान हलवली. पाटीवर लिहिलं: "माझी नाही."

"तुमचीच आहे, चाचा. तुमच्या सांध्यात फिट बसलीय."

त्यांनी 'माझी नाही'च्या खाली रेघ मारली. परत टॅबकडे बघितलं. मग त्यांची नजर पडद्यावरून हळूहळू वर सरकली, टॅबच्या कडेवरून पलीकडे, स्टुलाकडे. शमशादचाचींनी भाकरीचा तुकडा तोंडात घातला. डावीकडे घेतला, चावला, क्षणभर थांबल्या आणि मिटता मिटता बारीकसा हिसका दिला.

चाचांचे खांदे हलायला लागले. ऋजुता घाबरून उठली, मग तिला कळलं, ते हसताहेत. टाके ताणले जात असतील, पण थांबत नव्हते. त्यांनी पाटी पुसली, लिहिलं आणि ऋजुताकडे वळवली.

"ही शमशादची."

"काय माझी?" चाची घास तसाच ठेवून म्हणाल्या. "काय लिवलंय?"

चाचांनी पाटी मागं घेतली आणि खाली भराभर लिहिलं: "आरशापुढं बसून कोण जेवतं?"

ऋजुतानं टॅब खाली ठेवला. अर्थात. कुठल्याही माणसानं स्वतःला चावताना बघितलेलं नसतं. चाचांना जबडा मनात चालवायचा होता, तेव्हा त्यांनी माहीत असलेलाच जबडा चालवला. रोज दोन वेळा, समोरच्या ताटावर दिसणारा.

"पन्नास वर्षं सांगतीय," चाची वैतागून म्हणाल्या, "जेवताना माझ्या तोंडाकडं बघत जाऊ नका म्हणून! घास अडकतो माझा. ऐकतील तर!"

*

"म्हणजे सगळं पाण्यात," शिराळकर म्हणाले. "मला दस्तगीरचा जबडा करायचाय. त्याच्या बायकोचा नाही."

"सर, पण त्यांच्या सांध्यात बसला. तो का बसला?"

"योगायोग."

"हजार घासांत एकही ठिपका नाही. योगायोग इतका नेमका नसतो." ऋजुता खोलीत येरझाऱ्या घालत होती. "तोंडातले दात गेल्यावर चाचांनी कवळी कुणाकडून करून घेतली?"

"स्वतःच केली. दुसऱ्याला हात लावू दिला नाही. एकोणीस वर्षं झाली."

"कुठल्या चालीची?"

शिराळकरांचा हात टेबलावरच्या बिजागरीकडे गेला.

"त्याच चालीची," ऋजुता म्हणाली. "त्यांना दुसरी येतच नव्हती. एकोणीस वर्षं चाचा चाचींच्या दातांनी चावताहेत. दात चालीला वळण लावतात, चाल सांध्याला. त्यांचा मूळचा जबडा कसा चालायचा ते आता कुणालाच कळायचं नाही आणि त्याची गरजही नाही. तो जबडा आता नाहीच. जो आहे तो चाचींकडून आलाय. आणि चाची समोर बसल्यात, सर. त्यांचा अख्खा पथ मिळतो, उघडा भागसुद्धा. आठ मिनिटांत."

"बायकोचा उघडा भाग नवऱ्याला कशावरून लागू पडेल?"

"गल्लीत शिरायचं वळण गल्लीच्या तोंडावर ठरतं. त्याच दातांवर येऊन टेकायचं तर वाट फार वेगळी असणार नाही. आणि पडेल की नाही ते ठिपका सांगेल. आपण फक्त बघायचं."

मंगळवारी सकाळी शमशादचाची प्रयोगशाळेत आल्या, ठेवणीतली साडी नेसून. पट्टा बांधला, दिवा लावला, समोर भाकरी ठेवली. चाचांना चाकाच्या खुर्चीतून आणून कोपऱ्यात बसवलं होतं.

चाची जेवायला लागल्या. इवलासा तुकडा, ओठ घट्ट मिटलेले, जबडा हलतोय की नाही कळू नये असा. पडद्यावर जो थेंब उमटला तो कवळ्यांतल्या रेघेच्या जवळपासही नव्हता. दुसरं मिनिट, तिसरं मिनिट. शिराळकरांनी घड्याळ बघितलं आणि ऋजुताकडे बघितलं. तिच्या मनात आलं, आपलं सगळं तर्कशास्त्रच चुकलं की काय?

कोपऱ्यातून पाटीवर खडूचा आवाज आला. चाचांनी पाटी वर धरली: "खोटं खातीय."

"म्हणजे?"

"व्याह्यांकडं बसल्यासारखी." पाटी पुसली. "मला समोर घ्या."

खुर्ची ढकलत चाचींच्या समोर आणली. चाचा पुढं झुकले आणि नेहमीसारखे त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघू लागले.

"बघा, बघा आता!" चाची कडाडल्या. "चार माणसांत तरी! जबडा मोडला तरी खोड जाईना. डोळ्याला काय औषध द्या हो डॉक्टर ह्यांच्या!" आणि बोलण्याच्या भरात त्यांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडून चटणीसकट तोंडात कोंबला.

डावीकडून आला. टेकला. थांबला. हिसका.

पडद्यावर नवा थेंब कवळ्यांच्या रेघेवर अलगद जाऊन बसला आणि तिच्या पुढं, जिथं दोन दिवस कोरी जागा होती, तिथं वाकत, वळत पूर्ण झाला. ऋजुतानं तो चाचांच्या सांध्यावर चालवला. ठिपका पेटला नाही.

"छापायला दे," शिराळकर म्हणाले.

*

शस्त्रक्रियेनंतर नवव्या आठवड्यात चाचांची पहिली नोंद घ्यायची होती. ऋजुतानं कवळीवाल्यांबद्दलचा नियम त्याआधीच काढून टाकला होता. चाचांनी त्याच चालीची नवी कवळी घातली होती; पट्टा त्यांनी स्वतःच बांधून घेतला. समोर अर्धी भाकरी आणि वांग्याची भाजी. त्यांनी तुकडा मोडला, जरा दचकत तोंडात घातला, चावला. एकदा, दोनदा. डोळे मिटले. पाचव्या घासाला त्यांनी नुसतं ताटाकडं बोट दाखवलं, अजून भाकरी वाढा म्हणून.

आठ मिनिटं संपली तसा पडदा क्षणभर थबकला. एकाच माणसाची नोंद दोनदा होऊ नये म्हणून यंत्र प्रत्येक नवी चाल जुन्या सगळ्या चालींशी ताडून बघत असे. अक्षरं उमटली:

"ही व्यक्ती आधी नोंदलेली आहे. नाव: शमशाद दस्तगीर मुजावर. नवी नोंद त्याच नावाखाली जोडायची का?"

चाचांनी ते सावकाश, एकेक शब्द लावून मोठ्यानं वाचलं. शब्द स्वच्छ आले.

"काय म्हणतंय ते?" चाचींनी विचारलं.

"म्हणतंय, जेवतीय ती तूच."

चाची पडद्याकडं, मग नवऱ्याच्या भरल्या गालाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पदरानं त्यांच्या हनुवटीवरचा भाजीचा ओघळ पुसला.

"आता सगळं घेतलंत ना माझं? मग आता तरी माझ्या तोंडाकडं बघायचं सोडा."

"सोडलं तर खायचं कसं ते विसरीन की," चाचा म्हणाले आणि पुढचा तुकडा मोडला.